रंगरावची खुर्ची

“मी नाई होत रंगराव! मेलो तरी नाई होत! तुमाले केस घ्याची नसन तं तोंडावर सांगा, पण मले त्या खुर्चीत बसवू नका!”

कडूबा एवढ्या जोरात ओरडला की बाहेरच्या बाकावर पेंगणारा एक म्हातारा आपलाच पुकारा झाला समजून टोपी सावरत उभा राहिला. शेषराव वकील मात्र जागचे हलले नाहीत. अडकित्त्यानं कातरलेली सुपारीची फोड त्यांनी तोंडात टाकली, ती दाढेखाली नीट बसेपर्यंत पोराला तसंच उभं ठेवलं, आणि मग म्हणाले, “झालं का ओरडून? आता बस. या खुर्चीत बसल्याबिगर या कचेरीतून एकही केस कोर्टात गेली नाही. तुझ्यासाठी काय नवा कायदा करू?” कडूबानं मायकडे पाहिलं. माय म्हणजे अंबूबाई. केस तिची, अन्याय तिच्यावर झालेला. आणि ती बाकाच्या अगदी कडेला, आता पडते की मग पडते अशी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “बस ना बाबू,” ती म्हणाली. “साहेब सांगून राह्यले तं बस.” त्या ‘बस ना बाबू’नं त्याचं डोकं आणखीच फिरलं. सारं आयुष्य हिनं हेच केलं. कोणी म्हणालं बस, की बसली. कोणी म्हणालं ऊठ, की उठली.

खुर्ची तशी साधीच, वेताची. एक हात मोडलेला, सुतळीनं बांधलेला. पण बुलढाण्यात तिला नाव होतं, उलटी खुर्ची. कोर्टाच्या भिंतीला लागून असलेल्या त्या टिनाच्या कचेरीत शेषराव आणि अर्जुनराव असे दोन वकील एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचे. दारावर दोघांच्या वेगवेगळ्या पाट्या होत्या, पण खेड्यातून येणारी माणसं पाट्या थोडीच वाचतात. त्यांच्या तोंडी ते नुसते जोडवकील. त्यांची रीत अशी की गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाचं आधी सगळं ऐकून घ्यायचं, मधे बोलायचं नाही, आणि ऐकून झालं की त्याला उठवून उलट्या खुर्चीत बसवायचं. त्या खुर्चीत माणूस स्वतः नसतो. ज्यानं त्याला गांजलं तो असतो. त्याच्या बाजूनं बोलायचं, आणि हातचं न राखता बोलायचं. हे कडूबाला मावशीनं सांगितलं होतं. मावशी बीबी गावची. तिच्या शेजारच्या मंजुळाबाईला नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलं, तेव्हा ती याच खुर्चीत बसून आपल्या सासऱ्यासारखी बोलली होती, बोलता बोलता पदरात तोंड घालून रडली होती, आणि पुढं कोर्टाच्या हुकमानं आपली खोली अन् आपली चूल परत घेऊन राहिली होती. अजून भाकरी थापताना मधेच थांबून म्हणते म्हणे, ‘माह्या चुलीवर थापून राह्यली बरं मी.’ मावशी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज देवळात बोलावं तसा व्हायचा. कडूबाला त्याचाही राग यायचा. वकील म्हणजे काय देव आहे का बे?

सकाळी यष्टी राजूरचा घाट चढत होती तेव्हा माय खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होती आणि कडूबा मनात भाषण जुळवत होता. असं बोलीन, तसं बोलीन. वकील हसला तर टेबल उलथवून देईन. माळ्याचं पोट्टं, शाळा सोडलेलं, अंगात सदरा दुसऱ्याचा, हसणारच. पण कोणी हसलंच नाही, आणि तिथंच पंचाईत झाली. उलथवायचं म्हणून ठरवलेलं टेबल समोर शांत पडून होतं. त्यानं तोंड उघडलं तसं शेषरावांनी हात वर केला आणि म्हणाले, “तू नाही. बाजारातली जागा कोणाची? बाईची. बाई बोलतील.” आणि मग माय बोलायला लागली. आधी अडखळत, भिंतीकडं पाहत. शेषराव मधूनमधून नुसतं ‘मग?’ म्हणायचे. एवढंच. घाई नाही, चुकचुकणं नाही, ‘असं कसं झालं’ नाही. त्या ‘मग?’ला धरून माय चढत गेली, जशी माणसं विहिरीच्या पायऱ्या चढतात, एकेक, भिंतीला हात लावत. कडूबाला वाटत होतं, ही एवढं कधी बोलली होती? घरी तर हिचं बोलणं म्हणजे जेवला का, अन् लुगडं वाळलं का पाह्य.

‘मग?’ या शब्दाशी त्याचं जुनं वैर होतं म्हणा, नाहीतर जुनी भूक. शाळेत कोणी त्याला ‘मग?’ म्हटलं नव्हतं. वर्गाच्या भिंतीवर नवा नकाशा आला होता, नव्या राज्याचा. त्याच्या आधीचा नकाशा मुंबईचा, त्याच्या आधीचा नागपूर राजधानी असलेला; पोरं शाळेत असतानाच राज्य दोनदा बदललं, आणि गुरुजी दर वेळी नवी नदी-डोंगर पाठ करायला लावायचे, जणू पूर्णा नदीनंच गाव बदललं. एका दुपारी वावटळ आली, खिडकीचा दरवाजा आपटला आणि नकाशा वऱ्हाडापाशी उभा फाटला. कडूबा त्याच्या खाली उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. गुरुजींनी विचारलं नाही. छडी आधी आली. दुसरी छडी यायच्या आत कडूबानं त्यांच्या हातातून ती हिसकली, गुडघ्यावर मोडली, दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि निघून आला. परत गेला नाही. बापानं विचारलं, ‘काऊन गेला नाई?’ तो म्हणाला, ‘नाई गेलो.’ संपलं. आता या कचेरीत शेषरावांच्या डोक्यावर तोच नवा नकाशा होता, चार खिळ्यांनी ठोकलेला, आणि त्याच्याखालून जुन्या नकाशाचा पिवळा कोपरा बाहेर डोकावत होता. काढून टाकायचा कंटाळा की मुद्दाम ठेवलेला, कोण जाणे. कडूबा मायचं बोलणं ऐकत त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. वावटळीचं सांगायला त्याच्याकडं कोणी असता तर?

माय सांगत होती ते सारं त्याच्या डोळ्यांदेखतचं होतं आणि तरी अर्धं त्याला ठाऊक नव्हतं. धामणगावच्या बाजारात कडुलिंबाच्या झाडाखाली मायची जागा. तिथं एक काळा सपाट दगड, त्यावर ती बसायची, पुढ्यात गोणपाट, गोणपाटावर मेथी, पालक, वांगी, बाप वाडीत जे पिकवील ते. लहानपणी कडूबा त्या दगडाच्या मागच्या अंगाला, मायच्या पाठीला पाठ लावून झोपायचा. दगड सकाळी थंड, दुपारी कोमट, आणि त्याला मायच्या घामाचा अन् कोथिंबिरीच्या देठांचा वास. हे त्याला ठाऊक होतं. पण ती जागा आजीकडून मायकडे कशी आली ते आज त्यानं पहिल्यांदा ऐकलं. “आमच्या बाजारात असं हाये साहेब,” माय म्हणाली, “सासूच्यानं येणं होत नाई ना, तवा ती एक डाव शेवटची येते. सुनेले दगडावर बसोते. आपून मंग गिऱ्हाइकाइत जाऊन उभी राह्यते. अन् पहिली जुडी तीच विकत घेते, सुनेजोळून. पैसे देऊन. हाव, पैसे देऊन. सारा बाजार पाह्यते. मंग जागा सुनेची.” शेषरावांनी सुपारी चघळायची थांबवली. “आणि कोणाला जागा सोडायची असली तर?” मायनं पदराचा पीळ सोडला. “मंग दगड उचलते. घरी घेऊन जाते. दगड उचलला का जागा सुटली, हे पोट्ट्यासोट्ट्याले बी ठाव असते.” हे म्हणताना तिनं कडूबाकडं पाहिलं नाही. न पाहणं एवढं मोठं होतं की ते खोलीत येऊन मधोमध बसलं.

त्याला कानामागं गरम झालं. त्यानं मनातून ते बाजूला ढकललं आणि रंगरावला पुढं ओढलं, कारण रंगराववर चिडणं सोपं होतं. रंगराव बाजाराचा ठेकेदार. बसणाऱ्या बाया-माणसांकडून पट्टी गोळा करायचा ठेका त्याचा. पण पांढऱ्या धोतराला नीळ जास्त, बोटात अंगठी, आणि बाजारात असा फिरणार की लिंबाची सावलीसुद्धा त्यानंच पाडली. त्याच्या साळ्याला भांड्यांचं दुकान टाकायचं होतं आणि साळ्याला सावली पाहिजे होती. त्या बाजारी तो आला, मायला म्हणाला, “अंबे, तिकडं नाल्यापाशी सरक. आजपासून हे जागा पाहुण्याची.” माय म्हणाली, “मी नाई सरकत भाऊ. माह्या सासूनं देयेल जागा हाये.” बस, एवढंच म्हणाली. साध्या आवाजात. रंगरावनं टोपल्याला लाथ मारली. मेथी उडाली. कडूबा तेव्हा विहिरीवरून पाण्याची घागर घेऊन येत होता आणि त्याला दुरून दिसलं ते फक्त हिरवं, हवेत; क्षणभर त्याला वाटलं लिंबाचा पाला झडला, या दिवसात कसा झडला? मग खाली टोपलं लोळताना दिसलं. मग माय, वाकून जुड्या वेचणारी. शेजारी मिरच्या विकणारी सत्यभामाबाई, जिच्या मांडीवर तो लहानपणी खेळला, ती आपल्या मिरच्यांकडं अशी पाहत होती जशा त्या आजच पहिल्यांदा पाहिल्या. त्यानं घागर टाकली. पुढचं त्याला आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. कोणीतरी कंबरेला मिठी मारलेली. रंगरावचा दात, सोन्याचा. मायचा आवाज, “कडू, नोको, नोको बाबू.” आणि मग, मारता येत नाही म्हणून, दोन्ही हात जमिनीत खुपसून त्यानं काय उपसलं...

“बस. बाईचं ऐकलं, आता तुझी पाळी,” शेषराव म्हणाले. या वेळी आवाज चढा नव्हता. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला अर्जुनराव, वयानं लहान, नाक लांब, आतापर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी नुसती उलटी खुर्ची पायानं थोडी पुढं सरकवली. कडूबा बसला. का बसला त्याला कळलं नाही. कदाचित ओरडून ओरडून दम संपला म्हणून. कदाचित मायनं सांगितलेलं ते जुडीचं अजून डोळ्यांपुढं होतं म्हणून, आजी गिऱ्हाइकांत उभी, कनवटीचा पैसा काढणारी. वेत टोचत होता. शेषराव एकदम उठून वाकले, हात जोडले आणि म्हणाले, “या रंगराव. चहा घ्याल? बोला, त्या माळणीचं काय लफडं आहे?” कडूबाला हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटा. कोणी त्याला कधी ‘या’ म्हटलं नव्हतं. त्यानं पाठ टेकली. मोडक्या हातावर हात ठेवला. आणि तोंड उघडलं तर आत रंगराव तयारच होता, जसा काही कधीचा बसलेला. “काई लफडं नाई वकीलसाहेब,” कडूबा म्हणाला, जाड आवाजात, दात दाखवत. “बाई हाये, तिचं काय मनावर घ्याचं. साळ्याले दुकान टाकाचं व्हतं. मोक्याची जागा. म्या इचारलं.” “लाथ मारली म्हणतात?” “पाय लागला. बाजारात गर्दी राह्यते.” “कोणी पाहिलं?” “पाह्यलं तं पाह्यलं. बोलणार कोण? सत्यभामी? तिचा पोरगा माह्या मळ्यात कामाले हाये.” हे म्हटलं आणि कडूबा थबकला. हाव की. सत्यभामाबाईचा पोरगा रंगरावच्या मळ्यात होता. हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी इतके दिवस तो तिला मनातल्या मनात शिव्या देत होता. शेषरावांनी थांबू दिलं नाही. “मग बाईला तुम्ही हाकललं?”

“म्या काऊन हाकलीन? ते सोताच गेली. जागा सोडून गेली. तिच्या पोट्ट्यानं सोताच्या हातानं दगड उचल...”

बाहेर कोर्टात कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, लांबलचक, शेवटचं अक्षर ओढत. कडूबाच्या हाताखाली सुतळी होती, तिचा एकेक पदर बोटाला कळत होता. दगड त्यानं उपसला होता. दोन्ही हातांनी, नखात माती भरेपर्यंत. मारता येत नव्हतं म्हणून. ‘दगड आमचा हाये, घेऊन जातो, ठेव तुही जागा तुह्या साळ्याच्या...’ असं काहीबाही ओरडत त्यानं तो डोक्यावर घेतला होता, आणि भर बाजारातून, साऱ्यांच्या समोरून, छाती काढून चालत घरी आला होता. त्याला वाटलं होतं आपण काहीतरी वाचवून नेतो आहोत. मानेवर ओझं होतं आणि आत असं मोकळं, जसं काही जिंकलो. मागून माय रिकामं टोपलं घेऊन येत होती, एक शब्द न बोलता. त्याला वाटलं, दुःखानं. आता कळलं. साऱ्या बाजारानं पाहिलं की अंबूबाईचा दगड उचलला गेला. रंगरावला लाथेनं जे जमलं नसतं ते या हातांनी करून दिलं. तो दगड घरी अंगणात तुळशीपाशी पडून होता आणि माय त्यावर कधी बसली नाही, कपडे धुवू दिले नाहीत, सकाळी त्याच्याभोवती सडा घालताना तेवढा दगड कोरडा ठेवायची. महिनाभर तिनं हे पोटात ठेवलं. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं? कोयता घेऊन गेला असता.

“साहेब, म्या...” तो म्हणाला. आता आवाज त्याचा होता, बारीक.

“अजून तू रंगराव आहेस,” शेषराव म्हणाले. “उठू नको. एकच विचारायचं राहिलं. रंगरावसाहेब, या पोट्ट्याकडून आता तुम्हाला काय पाहिजे?” आणि कडूबाच्या तोंडून, विचार न करता, खालून पाणी वर यावं तसं आलं, “त्यानं मले मारावं. लोकाइसमोर. मंग मी जितलो.”

“ऊठ,” शेषराव म्हणाले, आणि स्वतः उठून माठातलं पाणी गडव्यात घेऊन त्याच्या हातात दिलं. त्यांनी रागावावं असं त्याला फार वाटलं. त्यांनी रागावलं असतं तर तो ओरडला असता, छडी मोडली असती, निघून गेला असता, सारं ओळखीचं झालं असतं. पण ते म्हणाले, “हे आम्हाला आज इथं ऐकायचं होतं. रंगरावचा वकील हेच कोर्टात पहिल्यांदा सांगता, तर तुझी माय तिथं काय म्हणाली असती? म्हणून ही खुर्ची. तुला लाजवायला नाही ठेवलेली.” मग दोघं वकील एकमेकांकडं पाहायला लागले, आणि जे झालं ते कडूबा पुढं कितीदातरी आठवत राहिला, वाडीत दारं धरताना, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळताना. शेषराव म्हणाले, “ठेका पट्टीचा आहे, जागेचा नाही. पट्टी घे अन् पुढं चाल. कोणी कुठं बसायचं ते सांगायचा हक्क त्याला कोणी दिला? ते मी पाहतो. पण दगड.” अर्जुनरावांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज एवढा मऊ की नाक त्यांचं आहे असं वाटेना. “बाई, तुमच्या बाजारात जागा सासूकडून सुनेकडं जाते. बरोबर? लेकाकडं कधी गेली?” “नाई जी,” माय म्हणाली. “माणसं बसतच नाईत भाजीवर.” “तुमच्या सासऱ्याची होती?” “नाई.” “तुमच्या मालकाची?” “त्याइची कुठून?” “मग या पोराची?” हळूहळू मायच्या तोंडावर काहीतरी पसरायला लागलं. अर्जुनराव कडूबाकडं वळले. “तुझी जागा तिथं कधीच नव्हती. जे तुझं नाही ते तू सोडणार कसं? तू उचलला तो नुसता दगड. जागा उचलायची तर बाईच्या हातानं उचलावी लागते. तुमच्याच बाजाराचा कायदा आहे, आम्ही नाही केला.”

शेषराव एवढ्या जोरात हसले की सुपारीची फोड बाहेर पडली. “हमाल!” ते म्हणाले. “तू नुसता हमाल होतास रे!” कडूबाला राग यायला पाहिजे होता. जन्मात कोणी त्याला हमाल म्हटलं असतं तर. पण छातीवरचा काळा सपाट दगड कोणीतरी दोन्ही हातांनी उचलावा तसं झालं, आणि डोळ्यांत पाणी येतं की काय या भीतीनं तो नकाशाकडे पाहायला लागला. जुना पिवळा कोपरा. नवा नकाशा. ही माणसं कशी असतील बे? यांनी धामणगावचा बाजार पाहिला नाही, लिंब पाहिला नाही, आजी पाहिली नाही. पण मायच्या बोलण्यातून, तिनं सहज सांगितलेल्या, कोणाला कामाची न वाटणाऱ्या एका रीतीतून त्यांनी कायदा काढला, जसं माय पेंढीतून निबर काडी बरोबर काढते, बाकीच्याला धक्का न लावता. त्याला वाटायचं कायदा म्हणजे तिकडं वर, कुठंतरी नागपूर-मुंबईकडं, छापलेला. तो मायच्या पदरात बांधलेला असेल असं कोणी सांगितलं होतं?

पुढं महिना-दोन महिने तारखा पडल्या, माय दर वेळी घाटात ओकत राहिली आणि दर वेळी जात राहिली. शेषरावांनी कोर्टाला सांगितलं की जागेचा मौका पाहायला माणूस पाठवा, आणि पाठवायचा तर बाजाराच्याच दिवशी पाठवा, रिकाम्या मैदानात नको. समोरच्या वकिलानं खूप खळखळ केली म्हणे. पण ते मिळालं. आदल्या दिवशी अर्जुनराव घरी आले, तुळशीपाशी उकिडवे बसून दगड पाहिला, खालच्या अंगाला हात फिरवला. मग कडूबाला म्हणाले, “दगड तू आणायचा. ठेवायचा बाईनं. आणि त्यानंतर तू तिथून निघायचं, एक क्षण थांबायचं नाही. का, ते तुला माहीत आहे. तूच सांगितलं होतंस.”

तर आज बाजार होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड, आणि कडूबा तीच वाट उलटी चालत होता. तेव्हा दगड हलका होता, आज मान मोडत होती. लोक बाजूला सरत होते. लिंबाखाली साळ्याची पितळी भांडी उन्हात चमकत होती, ती अर्धी हटवलेली. कोर्टाचा माणूस, एक तरुण वकील, छत्री काखेत धरून उभा होता, आणि एकजण कुदळीनं वरचा मुरूम खरवडत होता. लाल, ताजा मुरूम, कोणीतरी घाईनं ठोकून बसवलेला. त्याखाली काळी माती लागली आणि मातीत खळगा, दाताच्या जागेसारखा. कडूबानं दगड उतरवून शेजारी ठेवला. माय पुढं आली. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. दोन्ही हातांनी तिनं दगड फिरवला, एकदा, परत एकदा, जसं लेकराला अंगावर घ्यायच्या आधी कूस बदलतात, आणि ढकलला. तो बसला. आवाज झाला, जाड, ओला, आणि बस. माय त्यावर बसली, पाठ लिंबाकडं, तोंड रस्त्याकडं, गुडघा असा उभा. पुढ्यात काही नव्हतं. वकिलांनी बजावलं होतं, हुकूम होईपर्यंत एक काडी विकायची नाही. रिकाम्या जमिनीकडं पाहत ती बसली, आणि कोर्टाच्या माणसानं विचारलं, “बाई, तुम्ही इथंच बसत होत्या हे कोणी सांगेल?”

साऱ्यांना आपापला माल आठवला. कडूबाला सत्यभामाबाईकडं पाहायचं नव्हतं आणि तो पाहत होता. तिची मान खाली, बोटं मिरच्यांत. तिच्या पोराचं काम, तिच्या घरचं ताट, सारं त्या बोटांत होतं. आज त्याला तिचा राग आला नाही, आणि राग न येणं इतकं नवं होतं की जागा चुकल्यासारखं वाटलं. मग सत्यभामाबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत, लुगड्याची माती झाडत. दगडापुढं येऊन उभी राहिली, गिऱ्हाइकाच्या जागी, आणि कनवटीला हात घालून म्हणाली, “अंबू व, मेथी कशी देल्ली?”

माय वर पाहायला लागली. तिच्या पुढ्यात मेथी नव्हती. “पुढच्या बाजारी आणतो आत्याबाई,” ती म्हणाली. “तं मंग पहिली जुडी माही,” सत्यभामाबाई म्हणाली. “तुह्या सासूच्या टायमाले बी म्या अठीच उभी व्हती. पाह्यलं म्या.” मागं कोणीतरी हसलं, कोणी नाक ओढलं. अर्जुनराव नुसते कोर्टाच्या माणसाच्या बाजूला सरकून उभे राहिले, म्हणजे त्याला नीट दिसावं.

आणि तेव्हाच कानापाशी अत्तराचा वास आला. “काय बे, माळ्याच्या,” रंगराव अगदी हळू म्हणाला, दात दिसत होता. “मोठा मर्द बनून उचलला व्हता दगड. आता मायच्या पदराले धरून परत आणला? हातात बांगड्या घाल ना. अन् हे बुढी तुही माय, हिले सांग, नाल्यापाशीच...” पुढचं जे तो मायबद्दल बोलला ते कडूबाला नीट ऐकू आलं, एकेक अक्षर. हात वर आले होते. आपोआप, जसे घागर टाकताना आले होते. मूठ आवळलेली त्याला दिसली, स्वतःची, नखात अजून दगडाची माती. समोर रंगरावचं तोंड, थोडं पुढं केलेलं, गाल जवळजवळ धरलेला. ते तोंड त्याला आतून ओळखीचं होतं. त्याच्या पाठीला वेत टोचला, हाताखाली सुतळी कळली. हा काय मागून राह्यला, हे जगात एकट्या कडूबालाच ठाऊक होतं, कारण ते त्यानंच सांगितलं होतं.

त्यानं मूठ उघडली. माती झाडली. चुंबळ उचलून खांद्यावर टाकली.

“रंगरावभाऊ,” तो म्हणाला, “मले आता निघा लागते.”